वापरात असलेली हिरवळ

अर्ज थोरल्याने लिहिला होता, आणि खोटं लिहिताना त्याचं अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य आलं होतं. ‘सदर हिरवळ कुटुंबीय, कामगार व ग्राहक यांना बसण्याउठण्यासाठी, मुलांना खेळण्यासाठी व व्यायामासाठी रोजच्या वापरात असून ती केवळ शोभेची नाही,’ असं त्याने एका दमात लिहून काढलं, खाली वडिलांची, म्हणजे आप्पांची सही घेतली आणि कुणाला तोंड उघडायची संधी न देता कागद पाणी खात्यात नेऊन दिला. आप्पांनी अर्ज वाचला नाही. झाडांच्या नर्सरीचे कागद थोरल्याने समोर धरायचे आणि आप्पांनी सही ठोकायची, हे गेली सात वर्षं असंच चाललं होतं.

अर्ज फिरत फिरत ज्या टेबलावर येऊन पडला ते मात्र त्याच्या बहिणीचं, मधलीचं होतं. यात थोरल्याला दोष देता येणार नाही. शहरातल्या सगळ्या हिरवळींचे अर्ज त्याच टेबलावर यायचे, कारण नियमच तिने लिहिला होता. घरांपुढची आणि दुकानांपुढची शोभेची हिरवळ सहा महिन्यांत काढायची, त्या जागी कमी पाण्यावर जगणारी झाडंझुडपं लावायची, पाणी ठिबकनेच द्यायचं, तेही आठवड्यातून दोनदा आणि ऊन चढायच्या आत. एकूण सोळा कलमं. त्यातली अकरा मधलीने स्वतः लिहिली होती आणि उरलेली पाच साहेबांनी लिहिल्यावर गुपचूप पुन्हा लिहिली होती. सूट एकच होती: जिच्यावर माणसं खरोखर खेळतात, बसतात, वावरतात ती हिरवळ राहू द्यावी.

आणि हे लिहिणारी बाई कोणाची मुलगी, तर ज्या माणसाने अडतीस वर्षांत अर्ध्या शहराच्या दारात हिरवळ घातली त्याची. लोकांना यात भलतीच गंमत वाटायची. घरात कुणाला वाटत नव्हती.

‘अर्जदार माझे वडील आहेत, पाहणी दुसऱ्या कुणी करावी,’ असा शेरा मारून मधलीने अर्ज शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाकडे सरकवला. तपासनीस नोकरीत नवा होता आणि अजून सरळ होता. त्याने शनिवारी सकाळी अकराची वेळ दिली.

मंजूर झाला तर दोनशे अर्जदार बोट दाखवायला टपलेलेच होते की नियम आम्हाला आणि सूट घरच्यांना. नामंजूर झाला तर नर्सरीच्या दारातली हिरवळ उखडावी लागणार, आणि मग बहिणीशी आपला संबंध संपला असं थोरल्याने स्वच्छ सांगून ठेवलं होतं. मधलीने दोन्हींची तयारी ठेवली होती. तिचा जीव अडकला होता तो तिसऱ्याच गोष्टीत. नियम पेपरात छापून आला त्या दिवसापासून, म्हणजे चार महिने, आप्पा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ती राहायची त्याच घरात, दुकानावरच्या खोलीत. ताट वाढल्यावर आप्पा आईला म्हणायचे, “तिला म्हणावं मीठ इकडे दे,” आणि ती त्यांच्या शेजारीच बसलेली असायची. भांडले असते तर तिने चार शब्द ऐकून घेतले असते, चार ऐकवले असते. या गप्प बसण्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. हिरवळ गेली तर आप्पा आता उभ्या जन्मात बोलणार नाहीत, अशी तिची खात्री होत चालली होती.

शनिवारी दहा वाजता थोरल्याने घरातल्या सगळ्यांना दुकानाच्या पायऱ्यांवर जमवलं. समोर फाटकापर्यंत तीस बाय पन्नास फुटांची ती हिरवळ पसरली होती, चारी बाजूंनी फरशीची वाट, कोपऱ्यात एक जुना शिरीष. ‘हिरवळीवर पाऊल ठेवू नये’ ही लोखंडी पाटी थोरल्याने सकाळीच उपटून खतांच्या पोत्यांमागे टाकली होती.

“हे बघा, अवघड काही नाही,” तो म्हणाला. “अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. फक्त लॉनवर असायचं. आई, तू खुर्ची टाकून बसायचंस. आप्पा पेपर वाचतील. छोटी बॉल खेळेल. आणि तू चटईवर व्यायाम करायचास.”

शेवटचं बायकोला उद्देशून होतं. वहिनीने कपाळाला हात लावला. “मी व्यायाम कधी केलाय?”

“आज कर.”

“आणि मी काय करू?” धाकट्याने विचारलं.

“तू दिसू नकोस.”

धाकटा हसला. नियम आल्यापासून त्याने खडी, दगड आणि निवडुंगांचा धंदा मांडला होता. शहरातल्या निम्म्या उखडलेल्या अंगणांत त्याचीच पांढरी खडी पसरली होती आणि तीन ट्रक मागे रोपांच्या जाळीच्या मांडवापाशी, शेडनेटपाशी ओतलेले होते. घरात नियमाची बाजू घेणारा तो एकटाच. मधलीला असला पाठिंबा नको होता, पण दुसरा कुणी देत नव्हता.

“ताई, तू निवांत राहा,” तो तिच्या कानाशी लागला. “नामंजूर झालं की उद्याच खडी टाकतो इथे. घरचं काम, एक पैसा घेणार नाही.”

“तू जरा गप्प बसशील?” मधली म्हणाली आणि काउंटरमागे जाऊन उभी राहिली. थोरल्याने तिला मध्ये न पडायची ताकीदच दिली होती.

आता या हिरवळीबद्दल थोडं सांगायला हवं. ती नमुना म्हणून घातलेली होती. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की त्याला ती दिसायची, आणि मग आपल्या दारातही असंच हवं म्हणून ते हट्ट धरायचं. नमुन्यावर कुणी चालत नसतं. घरातली तिन्ही मुलं रांगायला लागल्यापासून कडेच्या फरशीवरूनच वाढली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा गॅसची शेगडी कशी पेटवायची हे तिला दुसऱ्या दिवशी दाखवलं, हिरवळीच्या कडेने चालायचं हे पहिल्या दिवशी सांगितलं. आप्पा स्वतः तण काढायला आत जायचे ते दोन फळ्या घेऊन. एकीवर बसायचं, दुसरी पुढे सरकवायची, म्हणजे वजन एका जागी पडत नाही आणि मुळं दबत नाहीत. घाईत असलेला माणूससुद्धा या घरात फाटकाकडे सरळ जात नसे. सगळ्यांच्या पायांना ते वळण पडलं होतं, आणि अर्ज लिहिताना थोरल्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने प्लास्टिकच्या चार खुर्च्या उचलून आणल्या आणि फरशीवर मांडल्या.

“अहो, आत मांडा ना,” वहिनी म्हणाली.

“मांडतो ना.” त्याने एक खुर्ची उचलून पुढचे दोन पाय हिरवळीवर टेकवले. गवत दबलं. त्याने खुर्ची लगेच वर घेतली आणि खाली उमटलेल्या दोन खळग्यांकडे बघत राहिला. “आधी तू चटई टाक. मग मी ठेवतो.”

वहिनीने चटई उलगडली. ती निम्मी फरशीवर आणि वीतभर गवतावर आली. ती फरशीच्या बाजूला बसली आणि हात वर करून काहीतरी व्यायामासारखं करू लागली.

“आई, तू तरी जा.”

“मी इथे बरी आहे,” फरशीवरच्या खुर्चीत बसत आई म्हणाली. “सावली आहे.”

“सावली आतसुद्धा आहे!”

“मग तू जा की आत.”

थोरल्याने मान वळवून काउंटरकडे पाहिलं. सकाळपासून साठवलेला राग त्याने तिकडे वळवला. “मॅडम मजा बघतायत! ये ना बाहेर. तुझ्याच नियमात लिहिलंयस ना, वावरतात ती हिरवळ? दाखव वावरून!”

मधली बाहेर आली. आपण आत गेलो तर अर्जाला मदत होईल आणि नाही गेलो तर होणार नाही, एवढा साधा हिशेब होता, आणि ऑफिसातल्या नावासाठी न जाणंच तिच्या फायद्याचं होतं. तरी भावाच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, जाऊया दोन पावलं. तिने चप्पल काढली, उजवा पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. तिला तो खाली टेकवता येईना. तिला हसू फुटलं आणि त्याच क्षणी गलबलूनही आलं. तिने पाय मागे घेतला.

दुकानाच्या वरच्या पायरीवर आप्पा पेपर उघडून बसले होते. इतक्या वेळात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

“छोटी, तू खेळ गं!” थोरला मुलीवर ओरडला. “तुला काय झालं?”

छोटी नऊ वर्षांची, घरातली सगळ्यात आज्ञाधारक. तिने फरशीवरून बॉलला लाथ मारली. तो उडत जाऊन हिरवळीच्या बरोबर मध्यावर थांबला. छोटी कडेला उभी राहिली, तिने बापाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि मग या घरातल्या कुठल्याही मुलाने केलं असतं तेच केलं. दुकानाच्या दारामागे एक लांबच लांब बांबू ठेवलेला असे, टोकाला तारेची जाळी. वाऱ्याने कपडा उडाला, पावती उडाली, चेंडू गेला, की त्या बांबूने तो काढायचा. तिने बांबू ओढत आणला आणि फरशीच्या कडेवर पोटावर आडवी होऊन ती बॉल जाळीत घ्यायचा प्रयत्न करू लागली.

“जरा डावीकडे,” वहिनीने हात वर ठेवूनच सांगितलं.

“अजून, अजून थोडा पुढे,” थोरला म्हणाला. सवय ती सवय. बांबूचं मागचं टोक त्याने स्वतः धरलं होतं.

बॉल जाळीत आला तेव्हा फाटकात कुणीतरी खाकरलं. तपासनीस हातात फाइल घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, पण पुरेसा वेळ असावा, कारण त्याला चेहरा गंभीर ठेवायला कष्ट पडत होते.

“नमस्कार. हिरवळीच्या पाहणीसाठी आलोय,” तो म्हणाला. समोरचा चौकोन रिकामा होता. चार खुर्च्या, एक चटई आणि सगळं कुटुंब त्याच्या चारी बाजूंनी उभं होतं. तो फाटकातून आत आला आणि मधून न येता फरशीच्या वाटेने वळसा घालून आला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

“रोज असते वर्दळ,” थोरला बांबू खाली ठेवत म्हणाला. “आत्ताच जरा सगळे बाहेर आले. ऊन झालं ना.”

“हो का.” तपासनिसाने फाइल उघडली, मधलीकडे न बघता. ऑफिसात तो तिला मॅडम म्हणायचा, इथे कसं वागावं ते त्याला ठरवता येत नसावं. “अर्ज काकांच्या नावे आहे. काका, ही हिरवळ वापरात आहे का?”

“म्हणजे काय, मी सांगतो ना,” थोरला म्हणाला.

“काकांनाच विचारावं लागतं. सही त्यांची आहे.”

आप्पांनी पेपराची घडी केली आणि अर्ज मागितला. तपासनिसाने तो दिला. आप्पांनी सावकाश, एकेक शब्दावर बोट ठेवत तो वाचला.  त्यांनी हो म्हटलं तर तपासनीस ते लिहून घेणार होता. नियमात तसंच होतं, अर्जदाराचं म्हणणं नोंदवावं. आणि आप्पांनी हो म्हणू नये असं तिने कोणत्या तोंडाने मनात आणायचं? त्यांच्या हातची ती पहिली हिरवळ होती.

“या हिरवळीवर अडतीस वर्षांत कुणी बसलेलं नाही,” आप्पा म्हणाले. “कुणी खेळलेलं नाही. मी आत जातो तोसुद्धा फळीवरून. हे लिहून घ्या.”

“मी एकदा गेले होते,” आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“हे तीन दिवस परगावी होते तेव्हा. चहा घेऊन मधोमध बसले होते. चांगला तासभर.”

“तरीच,” आप्पा म्हणाले. “तरीच मधे पिवळं पडलं होतं. मी त्या वर्षी खत बदललं.”

धाकटा फिसकन हसला, वहिनीने तोंडाला पदर लावला आणि तपासनिसाने मान खाली घालून घाईघाईने लिहायला सुरुवात केली. थोरला तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

“चार महिने या नियमावर तोंडातून शब्द नाही, आणि आज तोंड उघडलं ते धंदा बुडवायला!”

“अर्ज मला वाचून दाखवला असतास तर सहीच केली नसती.”

“वाचून दाखवला असता तर केली नसतीत, म्हणूनच नाही दाखवला! आप्पा, ते फाटकातून आत येणारं गिऱ्हाईक हे बघून थांबतं. आपली चार माणसं आहेत, त्यांना गवताखेरीज काही येत नाही. त्यांना मी सोमवारी काय सांगू?”

  मधलीला त्या क्षणी भावाची कीव आली, आणि आजवर तो नुसता हटवादीपणा करतोय असं समजत आल्याची लाजही वाटली. वहिनी चटई गुंडाळत म्हणाली, “मी म्हटलं होतं यांना. खोटं लिहू नका, सरळ मुदत मागा,” आणि इतके दिवस नवऱ्याच्या बाजूला असलेली ती चटईसकट मधलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. थोरला मागच्या शेडनेटकडे निघून गेला.

आई चहा करायला आत गेली. तपासनिसाने नामंजुरीचा शेरा लिहिला, आप्पांना वाचून दाखवला, आणि मोकळा झाल्यासारखा मधलीकडे वळला. “मॅडम, भेटलातच म्हणून सांगतो. दवाखान्याच्या गल्लीतून पुन्हा तक्रार आली. झाडांची पानं गळतायत म्हणे. काल वाचनालयाकडूनही आली. चौदा झाल्या आता.”

“उन्हाळा कडक आहे,” मधली म्हणाली. हे उत्तर तिने आधीच्या बाराही तक्रारींना दिलं होतं.

“हो, तेच म्हटलं मी त्यांना.”

चहा घेऊन तपासनीस गेला, पुन्हा वळसा घालूनच. फाटक लागल्याचा आवाज झाला. आप्पा पायरीवरून उठले आणि फरशीवरून चालत मधलीसमोर येऊन उभे राहिले.

“नववं कलम कुणी लिहिलं?”

चार महिन्यांनी तो आवाज आपल्याकडे वळलेला ऐकून तिला आधी प्रश्नच कळला नाही. “मी,” ती म्हणाली.

“‘हिरवळ काढलेल्या जागेतील मोठ्या झाडांना बुंध्याशी दोन ठिबकनळ्या बसवून आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे पाणी द्यावे.’ हेच ना?”

त्यांना ते तोंडपाठ होतं. एका शब्दाचा फरक नव्हता.

“हो.”

“चुकलंय.”

 आप्पांनी तिला शिरीषाकडे नेलं. “हिरवळीतलं झाड आळशी असतं. रोज वरच्या वर पाणी मिळतं, मग मुळं खाली कशाला जातील? ती वरच पसरतात. अशी, सावलीच्या कडेपर्यंत आणि तिच्याही पुढे. तुम्ही गवत काढलंत म्हणजे झाडाचं पाणी काढलंत. आणि बुंध्याशी चार थेंब सोडलेत. बुंधा पाणी पितो का?”

“नाही,” मधली म्हणाली.

“वर याची पांढरी खडी.” धाकटा मागे येऊन उभा होता, त्याच्याकडे न बघता ते म्हणाले. “दुपारी हात लावून बघ म्हणावं. तव्यासारखी तापते. खाली मुळं भाजतात.”

“मला कुणी सांगितलंच नाही,” धाकटा पुटपुटला आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच ताईपासून दोन पावलं लांब सरकला.

“मग काय करायला हवं होतं?” मधलीने विचारलं.

“सावलीच्या कडेने गोल आळं करायचं. पंधरा दिवसांतून एकदा पाणी, पण हळूहळू, हातभर खोल मुरेपर्यंत. दोन वर्षं. मुळं पाण्यामागे खाली जातात. मग झाड तुमच्याकडे काही मागत नाही. लॉनला लागायचं त्याच्या पाव हिश्श्यातसुद्धा भागतं. म्हणजे तुमच्या नियमालाही धक्का नाही.”

 शहरातली साडेतीनशे अंगणं बदलून झाली होती. बारा तक्रारींवर मधलीने स्वतःच्या हाताने ‘कडक उन्हाळा’ असं लिहिलं होतं. “तुमच्या हे कधी लक्षात आलं, आप्पा?”

“छापून आलं त्याच दिवशी. वाचता वाचता.”

“मग चार महिने बोलला का नाहीत?”

आप्पा शिरीषाकडे वळले. आई कप गोळा करायला आली होती, ती म्हणाली, “सांगा की आता. मला सांगितलंत तसं.”

“तू चुकलीस हे चार लोकांना दिसावं असं वाटलं मला,” आप्पा म्हणाले. ते शिरीषाच्या खोडाकडे बघत होते. “थोडी पानं गळतील, लोक ओरडतील, मग येईल माझ्याकडे विचारायला. असं वाटलं. तू आली नाहीस. मग झाडं खरंच वाळायला लागली. तेव्हा सांगायला हवं होतं. पण मग तोंडच उघडेना. पहिले दोन महिने राग होता. नंतरचे दोन महिने लाज होती.”

आणि मधली ती लाज राग समजून रोज जेवायला बसत होती. तिला रडू आलं ते तिने आवरलं नाही.

“मला तुम्हाला विचारायचं होतं,” ती म्हणाली. “लिहायच्या आधी. मसुदा घेऊन तीन वेळा जिना उतरले. तुम्ही नाही म्हणाल म्हणून परत वर गेले.”

“नाही म्हणालोच असतो.”

“माहितीय.”

“पण नववं कलम दुरुस्त करून दिलं असतं.”

आईने दोघांकडे पाहिलं, कप उचलले आणि ती सरळ हिरवळ तुडवत घरात गेली. कुणी तिला अडवलं नाही.

मधलीने नाक पुसलं. दुरुस्ती करायची तर साहेबांकडे जावं लागणार, आपण चुकलो असं लेखी द्यावं लागणार, आणि पेपरवाले ते छापणार. ते सोमवारचं सोमवारी. पण झाडांचं काम त्या दुरुस्तीसाठी अडवून ठेवायची तिची तयारी नव्हती. “मोठं झाड असलेली किती अंगणं असतील?” तिने विचारलं. “ऑफिसात झाडांची नोंदच नाही. आम्ही फक्त गवत मोजलं.”

“कागद आण.”

ती कागद घेऊन आली तोवर थोरला मागून परत आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं की थोडंसं, ते कळायला मार्ग नव्हता. 

“आळं किती रुंद?” त्याने आप्पांना विचारलं.

“दीड हात. आपल्या चौघा कामगारांना जमेल. गवताची कड कापतात तेच हत्यार चालेल. सोमवारी दवाखान्याच्या गल्लीत लाव त्यांना.”

“पैसे कोण देणार?”

“खात्यातर्फे मी मागून बघते,” मधली म्हणाली. “नाही मिळाले तर नाही मिळाले, दादा. तरी करायचंय.”

थोरला तिच्याशी बोलला नाही. पण कोपऱ्यातली एक खुर्ची उचलून त्याने शिरीषाच्या सावलीत तिच्यासाठी ठेवली. चारही पाय फरशीवर, नीट बघून.

आप्पा उभ्यानेच सांगू लागले. त्यांना वही लागली नाही. कुठल्या दारात कुठल्या वर्षी गवत घातलं, तेव्हा झाड केवढं होतं, मुळं कुठल्या बाजूला वळली होती, सगळं त्यांना पाठ होतं.

“दवाखान्याची गल्ली, सहा. वाचनालय, दोन. दातांच्या डॉक्टरीणबाई, एकच आहे पण मोठं, त्याला दोन आळी लागतील. शाळेचं फाटक, तीन. बेकरीवाल्याकडे एक. ते वाकडं आहे, पाणी पूर्वेकडून द्यायचं.”

मधली लिहीत होती. पहिलं पान भरलं, दुसरं सुरू झालं. वहिनी घरांचे पत्ते घालत गेली, धाकटा प्रत्येक खडी टाकलेल्या घरापुढे न सांगता फुली मारत गेला. फुल्या बऱ्याच झाल्या.

“मुख्याध्यापिका बाई,” आप्पा म्हणाले आणि थांबले.

ते नियमाखालचं पहिलं अंगण. तिथे मधलीच्या हातात कुदळ देऊन काढलेला फोटो पेपरात आला होता. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, आधी माझ्या दारातलं गवत काढा म्हणजे बाकीचे काढतील.

“तिथे एक आहे ना?” तिने विचारलं. “दारासमोरचं?”

“होतं. मी परवा जाऊन बघून आलो. फांदी मोडून पाहिली, बुंध्याला नख लावून पाहिलं. आत ओल नाही. गेलं ते.”

मधलीची पेन्सिल थांबली. मग तिने ती ओळ सोडली आणि खालच्या ओळीवर हात नेला.

“सोडू नकोस,” आप्पा म्हणाले. “लिही.”

“गेलेलं झाड कशाला लिहायचं, आप्पा? त्याला आळं थोडंच करायचंय?”

“लिही म्हणतो ना. आणि पुढे लिही, कुणामुळे गेलं.”

“काय लिहू?”

“तुझं नाव लिही,” आप्पा म्हणाले, “आणि माझं.”

तिने दोन्ही नावं लिहिली. आप्पांनी वाकून ती नीट लिहिली आहेत ना ते पाहिलं, आणि पुढचं घर सांगितलं.